ट्रक बाबाकडे आहे

माझ्या मुलीला वासुदेव व्हायचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं त्याचा दोष तिच्यावर जाणार नाही.

हॅलोवीनला दुकानात २५ डॉलरला तयार राजकन्या मिळते. पण बाप साताऱ्याचा आहे. तयार पोशाख आणायचा नाही, घरीच करायचा, असं मी सप्टेंबरातच जाहीर केलं. जाहीर म्हणजे बायकोला, ऑफिसात, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर किराणा घेताना भेटलेल्या दोन ओळखीच्यांना. त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांना माझा सिद्धांतही ऐकवला. वेश करून दारोदार फिरायचं, दारात उभं राहून मागायचं, मिळेल ते झोळीत घालून पुढं जायचं, हे आपला वासुदेव कधीपासून करतोय. हे अमेरिकन लोक हॅलोवीनला, वर्षातून एकदा करतात आणि वर दात किडवून घेतात. सिद्धांत दोघांना पटला असावा, कारण ते घाईनं निघून गेले.

"मग तू वासुदेव होणार!" मी पाच वर्षांच्या लेकीला म्हणालो.

"गार्बेज ट्रक," ती म्हणाली.

"अगं, मोरपिसांची टोपी असते..."

"हिरवा गार्बेज ट्रक. मागून उघडणारा."

टोपीचं माझं जरा हळवं प्रकरण आहे. दुसरीत असताना शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत मला शिवाजी महाराज व्हायचं होतं. महाराज ड्रेपरीवाल्याकडे भाड्यानं मिळायचे, जिरेटोप, दाढी आणि तलवारीसकट. आई म्हणाली, वासुदेव हो. बाबांचा जुना सदरा मला पायघोळ होत होता, चिपळ्या आजोबांच्या होत्या. प्रश्न फक्त टोपीचा. टोपीला मोरपिसं हवीत, आणि मोरपिसं होती वाड्यातल्या पोरांच्या वह्यांत. वहीत ठेवलेल्या मोरपिसाला पेन्सिलीचा भुसा खायला घातला की त्याला पिल्लू होतं, हे शास्त्र तेव्हा सर्वमान्य होतं. त्यामुळे आई पिसं मागायला गेली ती जणू लोकांच्या गाभण गाईच मागायला गेली. एकानं "पिल्लू झालं तर ते माझं" या अटीवर पीस दिलं. एकीनं, नंतर भांडण नको म्हणून, आधीच तुटलेले तंतू मोजून दाखवले. माझंही एक पीस त्यात गेलं. ते वर्षभर भुसा खाऊन फळलं नव्हतं. मी शार्पनरसुद्धा बदलून पाहिला होता. एकूण १९ जमली. आई कचेरीतून सहाला यायची, स्वयंपाक उरकायची, आणि रात्री पुठ्ठ्याच्या शंकूवर मैद्याच्या खळीनं एकेक पीस चिकटवत बसायची.

स्टेजवर मी परीक्षकांना वाकून नमस्कार केला आणि टोपी खाली पडली. ती रांगेतल्या एका शिवाजी महाराजांनी उचलून दिली. स्पर्धेत चार महाराज होते, आणि नंबर भाजीवालीचा आला.

घरी येताना मी आईला एवढंच म्हणालो, "ड्रेपरीवाल्याकडून आणलं असतं तर पडलं नसतं." ती काही बोलली नाही. रात्री बसून तिनं पिसं सोडवली, ओल्या फडक्यानं पुसली आणि ज्याची त्याला परत केली. अठराच भरली. हरवलेल्याच्या बदली तिनं माझं देऊन टाकलं. मी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला.

तर, ट्रक.

मायक्रोवेव्हचं खोकं, हिरवा रंग, कागदी ताटल्यांची चाकं. पुढच्या दिव्यांच्या जागी दिवाळीतल्या बॅटरीवरच्या पणत्या. खांद्याला अडकवायला माझ्या पायजम्याच्या नाड्या. मागं दोरीनं उघडणारं दार, म्हणजे लोकांनी चॉकलेटं थेट ट्रकात टाकायची. तीन शनिवार-रविवार गेले. खर्च ६१ डॉलर, नाड्या घरच्या. लेकीला मी गरम गोंदाच्या बंदुकीला हात लावू दिला नाही, भाजेल म्हणून, आणि स्वतःची दोन बोटं भाजून घेतली. तिच्याकडे स्टिकर लावायचं काम होतं. तिनं केळ्याचा एक स्टिकर दाराच्या मधोमध, तोही उलटा लावला. ती झोपल्यावर मी तो काढून कडेला सरळ लावला. का, ते विचारू नका. इंजिनिअरला उलटं केळं दिसलं की झोप येत नाही.

मागचं दार अडकत होतं, म्हणून मी वादळाची वाट पाहत होतो. ही थट्टा नाही. २०१२ साली सँडी वादळ आलं तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी हुकूम काढून हॅलोवीन ५ नोव्हेंबरवर ढकललं होतं. भुतांची तारीख सरकारी आदेशानं पुढं जाते अशा राज्यात मी राहतो. पण २०२४च्या ऑक्टोबरात इथं पाऊस जवळजवळ पडलाच नाही. ३१ तारखेला नरक चतुर्दशी होती. पहाटे लेकीला उटणं लावून अंघोळ घातली आणि संध्याकाळी तिच्या गालांवर ग्रीसचे डाग काढले. बाहेर भर उन्हाळ्यासारखं उकडत होतं.

पहिल्या दारात मी पायऱ्यांखाली, पण दिसेन असा उभा राहिलो आणि जरा खोकलो.

"किती सुंदर ट्रक! तू केलास?" आजीबाईंनी लेकीला विचारलं.

"बाबानं केला," ती म्हणाली. "मी स्टिकर लावला होता. तो त्यानं काढला."

आजीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खोकला आपोआप थांबला.

चौथ्या घराशी ट्रक बंद पडला. खोक्यातून तिला पायऱ्या दिसेनात, शिवाय आत भट्टी. "बाबा, मला बाहेर काढ." मी नाड्या सैल केल्या, खोकं माझ्या गळ्यात आलं, चाकं कोपरांना लागली. पुढच्या प्रत्येक दारात तिला विचारलं गेलं, तू कोण झालीस? ती कमरेवर हात ठेवून सांगायची, "मी गार्बेज ट्रकची ड्रायव्हर आहे. ट्रक बाबाकडे आहे." मग मी वळून पाठ करायचो आणि लोक मागच्या दारातून चॉकलेटं टाकायचे. दार एकदाही अडकलं नाही. हे कुणीच म्हणालं नाही, म्हणून मी म्हणतोय.

त्या रात्री मी केळं परत मधोमध लावलं. उलटं.

ट्रक गॅरेजमध्ये जपून ठेवायचा माझा बेत होता. बायको म्हणाली, गाडी कुठं ठेवायची? लेक म्हणाली, खऱ्या ट्रकला देऊ या. पुठ्ठा न्यायचा वार आला तेव्हा तीच तो ओढत फुटपाथपर्यंत घेऊन गेली. खऱ्या ट्रकवाल्यानं आमचा ट्रक पाहून दोनदा भोंगा वाजवला, उचलून मागं टाकला आणि दाबाचा दांडा ओढला. माझे तीन शनिवार-रविवार एका कचकन आवाजात संपले. लेक टाळ्या पिटत नाचत होती.

संध्याकाळी मी साताऱ्याला फोन लावला.

"आई, माझ्या त्या वासुदेवाच्या टोपीचं काय केलंस गं?"

"कुठली टोपी?"

"मोरपिसांची. मी दुसरीत असताना केलेलीस ती."

"ती होय! पिसं काढल्यावर उरलं काय तिच्यात, नुसता पुठ्ठा," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी बंबात घातली. पाणी मात्र छान तापलं होतं."