शंभर फुटांचं तिकीट

ती. काका व ती. सौ. काकूंस,
सा. न. वि. वि.

इंग्लंडदर्शन आटोपलं. काय काय पाहिलं ते सविस्तर कळव, असा तुमचा हुकूम आहे. पण वर्णन लिहायला बसावं तर ते तुम्ही यूट्यूबवर आमच्याआधी आणि आमच्यापेक्षा नीट पाहिलेलं असणार. म्हणून वर्णनाऐवजी निष्कर्षच कळवतो, आणि तो जव्हारच्या एसटी स्टँडवर मोठ्यानं वाचून दाखवायला माझी हरकत नाही. इंग्लंडात पाहण्यासारखं जे आहे ते आपल्या जव्हार-मोखाड्यापेक्षा फार जास्त नाही. दाखवण्याची तयारी मात्र अफाट आहे. पाहुणा पैसे मोजतो ते त्या तयारीचे.

पुरावा पाण्यापासून देतो. यॉर्कशरमध्ये हार्ड्रॉ फोर्स नावाचा धबधबा आहे. उघड्यावर एका उडीत कोसळणाऱ्या धबधब्यांत इंग्लंडमधला सर्वांत उंच म्हणून त्याची ख्याती, आणि ही सर्वांत उंच उडी किती, तर सुमारे १०० फूट. आपला दाभोसा ३०० च्या घरात आहे. पण हार्ड्रॉची वाट एका जुन्या पबच्या मागून जाते, तिला तिकीट आहे, टर्नरने त्या धबधब्याचं चित्र काढलेलं आहे, वर्ड्‌स्वर्थ भर थंडीत तो बघून गेलेला आहे, आणि हे सगळं पाहुण्याला पाणी दिसायच्या आत ठाऊक झालेलं असतं. मग ती धार समोर आली की माणूस आपोआप गंभीर होतो. दाभोशाला कोणी गंभीर होत नाही, कारण खाली उतरताना सगळं लक्ष पायाखालच्या दगडांत असतं. पावसाचंही तेच. इंग्रजांनी स्वतःच्या पावसाची जगभर कीर्ती केली. लंडनला तो वर्षाकाठी ६०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. जव्हारचा एकटा जुलै त्याच्या पुढे जातो आणि आपण चकार शब्द न काढता आवणी उरकतो.

स्टोनहेंज घ्या. १९१५ साली लिलावात एका गृहस्थाने ते ६,६०० पौंडांना घेतलं आणि तीन वर्षांनी देशाला देऊन टाकलं. आज लोक दोरीपलीकडून ते दगड बघतात. तिथे कोणाची आणि कशी पूजा होत होती, हे खात्रीनं कोणालाच सांगता येत नाही, आणि तेवढ्याच भांडवलावर अख्खं संग्रहालय उभं आहे. आपल्याकडे वाघदेवाच्या दगडाला वाघबारशीला अजून शेंदूर लागतो, नैवेद्य दाखवला जातो, का दाखवायचा ते पाड्यावरचं पोरही सांगेल. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला तो दगड आहे याचाही पत्ता नाही. लंडनच्या राजवाड्यासमोरचा तो प्रसिद्ध सोहळा म्हणजे तर निव्वळ पहारेकऱ्यांची ड्युटी बदलणं! त्यासाठी फाटकाला गर्दी. मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे चढवून देव, राक्षस, सगळे रात्रभर संबळाच्या ठेक्यावर नाचतात, कोणतं सोंग कोणत्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, आणि बघायला येणारे सगळे आसपासचेच. राहिल्या पाट्या. लंडनमध्ये थोरांच्या घरांवर निळ्या पाट्या लावायची पद्धत १८६६ पासूनची. माणूस जाऊन २० वर्षं झाल्याशिवाय पाटी मिळत नाही. आपल्याकडे माणूस धडधाकट असताना दर वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, त्यामुळे शिरपामाळासारख्या जागेसाठी, म्हणजे सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज आणि जव्हारचे विक्रमशाह जिथे भेटले असं परंपरा सांगते तिथल्यासाठी, कोणाचं लक्ष उरत नाही.

तुम्ही लगेच म्हणाल, चोरीचा माल मांडून बसलेल्यांचं कसलं कौतुक? मान्य. म्युझियमांपुरता हा मुद्दा बिनतोड आहे, आणि २०२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधली वाघनखं साताऱ्याला आली तीही उसनीच. पण हार्ड्रॉचं पाणी कोणी आपल्याकडून उचलून नेलेलं नाही. माझा मुद्दा घरच्या, साध्यासुध्या मालाचा आहे.

आणि या मुद्द्याची खरी कसोटी धरणांवर लागते. लेक डिस्ट्रिक्टमधलं थर्लमियर १८९४ पासून मँचेस्टरला पाणी पाजतंय. ९६ मैलांचा प्रवास, तोही पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. ते पुरेना म्हणून १९३० च्या दशकात हॉजवॉटरखाली मार्डेल नावाचं गावच बुडवलं. म्हणजे शहराने डोंगरातल्यांचं पाणी न्यायचं, हा धडा इथलाच. फरक पुढे आहे. दुष्काळात हॉजवॉटर आटलं की मार्डेलचा पूल आणि भिंती वर येतात, आणि लोक गाड्या काढून ते बघायला धावतात; बुडवलेलं गावसुद्धा यांनी प्रेक्षणीय करून ठेवलंय! मोखाड्यात कोचाळ्याला १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पुरं झालं. मुंबईला त्यातून रोज साडेचारशे दशलक्ष लिटर पाणी मिळावं अशी योजना, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. तो टँकर आणि त्याभोवतीचे हंडे बघायला मात्र लोक लांबून येतात: पत्रकार, अभ्यासक, पाहणी दौऱ्यावरचे साहेब. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणानं पोरं दगावली तेव्हापासून ही ये-जा चालू आहे. आपल्याकडे पर्यटन नाही असं कोण म्हणतं? आहे, फक्त ते आपल्या हालांचं आहे, आणि त्याला तिकीट नाही.

काकूंचं म्हणणं असणार की आहे ते बरं आहे, पाट्या लावून जव्हारचं लोणावळं कशाला करायचं. भीती खोटी नाही. पण मुंबई दीडशे किलोमीटरवर आहे आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोक आताही येतातच. ते बाटल्या आपल्याकडे टाकतात आणि पैसे हायवेवरच्या ढाब्यात. व्यवस्था नसल्यामुळे गर्दी टळत नाही, नुसती कमाई टळते. लेक डिस्ट्रिक्टला गर्दी कमी नसते, तरी तिथे मेंढ्या चरतात; बीट्रिक्स पॉटर या लेखिकेने मरताना चार हजार एकर जमीन आणि चौदा शेतवाड्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिल्या, त्या शेतीसकट जपायच्या म्हणून. आपल्याकडे आदिवासीची जमीन बाहेरच्याला घेता येऊ नये यासाठी कायदाच आहे. तो कागदावरून खाली उतरवला तर हॉटेलवाल्यांआधी गावाचा नंबर लागेल. आता कोणी म्हणेल, आपलं पाणी चारच महिन्यांचं, मग वर्षभर दाखवायचं काय? इथलीही कितीतरी जुनी घरं हिवाळाभर कुलपात असतात. बंद असल्याची पाटीसुद्धा सुबक असते, एवढंच.

तेव्हा काका, ग्रामसभेत तुम्ही उठून बोलणारच असाल तर भव्य काही मागू नका. भव्य मागितलं की प्रवेशद्वाराची कमान मिळते आणि आत काही नसतं. दाभोशाच्या उतरणीला कठडा, बायकांना संडास, आणि बचतगटाला नागलीची भाकरी व उडदाची आमटी विकायला एक छप्पर. गाडी लावायचे पैसे गावाच्या खात्यात. पाटीवरचा मजकूर मी इथून पाठवतो. हार्ड्रॉची उंची त्यात घालू का?

आपली,
लंडनकर मंडळी

ता. क. फोटो वेगळे पाठवतो. निम्म्यांत नुसतं धुकं आहे. जव्हारच्या सनसेट पॉइंटचे म्हणून खपवलेत तरी कोणाला कळणार नाही.