इनामगावचा वन आरके

पुण्यात काचेचा टॉवर उठला की जाहिरातीत ‘निसर्गाशी नातं’ झळकतं. आत एसी दिवसभर घरघरतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उकरून काढलेली प्राचीन घरं कुडामातीची, गवतानं शाकारलेली. हरित इमारतीचं प्रमाणपत्र मात्र एकाकडेही नाही! गावप्रमुखाचं घर पाच खोल्यांचं, शेजारीच धान्यकोठार. म्हणजे ‘प्रीमियम फेज’ तेव्हाही होतीच. इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटलं, असं अभ्यासक सांगतात. मग ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. आजचा बिल्डर तेवढ्या जागेत मास्टर बेडरूमही बसवतो. पार्किंगचे पैसे वेगळे.