पाहुणा, पण पैसे देणारा

२००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना घरभाडं परवडेना. त्यांनी दिवाणखान्यात हवेच्या गाद्या फुगवल्या आणि डिझाइन परिषदेला आलेल्या तीन पाहुण्यांची सोय केली. त्यातूनच पुढे एअरबीएनबी निघालं. कोकणातल्या नव्या होमस्टेवाल्यांनी या कथेतलं गाद्यांचं तेवढं मनावर घेतलेलं दिसतं.

जाहिरातीत ‘सी व्ह्यू’. प्रत्यक्षात समुद्र दिसतो तो गच्चीवरच्या टाकीवर चढल्यावर. कपाटाला कुलूप, कारण आत घरच्यांच्या पैठण्या आणि आजोबांची जुनी कवळी. भिंतीवर सूचना: गीझर दहाच मिनिटं, एसी फक्त रात्री, माशांचे काटे बेसिनमध्ये टाकू नयेत. (शेवटची मात्र रास्त आहे.)

कागदपत्रं? ‘आपल्याच घरात कसली परवानगी!’ गोव्यात पर्यटकांना खोली द्यायची तर १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. परदेशी पाहुणा उतरला, तर देशात कुठेही २४ तासांत सरकारला कळवावं लागतं. यजमान मात्र कळवत नाहीत ते पाहुण्याला, वायफायचा पासवर्ड.

बाकी काकूंची सोलकढी फर्मास. पाच तारे मिळतात ते तिच्यामुळे, आणि काका श्रेय देतात नव्या पडद्यांना.