चाकांवरचं बिऱ्हाड

मोटरहोम म्हणजे जिच्यात चूल, पलंग, न्हाणी आणि संडास असं सगळं असून वर इंजिनही असतं, अशी गाडी. ग्लासगोला राहणाऱ्या आमच्या मुलाने ती भाड्याने ठरवली आणि फोनवर मला समजावलं, "बाबा, सुट्टी घालवायची ही अगदी नवीन पद्धत आहे. घरच बरोबर न्यायचं." मी खकनार तहसिलीतल्या डोईफोडियाचा माणूस, जिल्हा बुऱ्हाणपूर. घर बरोबर नेण्याच्या बाबतीत बुऱ्हाणपूरवाल्याला कुणी शिकवायला जावं, हे जरा जास्तच झालं.

इंग्लंडच्या राजाचा वकील थॉमस रो १६१५ साली बुऱ्हाणपुरात येऊन शहजादा परवेझला भेटला. पुढे तो जहांगिराच्या फिरत्या छावणीमागे हिंडला आणि ते चालतं शहर पाहून थक्क झाला. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या तळावर उभा राहायचा. त्याला पेशखाना म्हणत. फौजेला धान्य पुरवायला बंजाऱ्यांचे तांडे. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाने १६३२ साली एका तांड्यात चौदा हजार बैल असल्याचं लिहून ठेवलंय. हे सगळं मी मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, "हो बाबा, पण यात गरम पाण्याचा शॉवर आहे."

बायको शेजारी शेंगा सोलत होती. "त्याच हिंडण्यात मुमताज गेली ना वो?"

खरं होतं. मुमताजमहल १६३१ साली बुऱ्हाणपुरातच चौदाव्या बाळंतपणात वारली. आधी तिला तापीपलीकडे जैनाबादेत पुरलं, मग आग्र्याला नेलं.

"नवऱ्याच्या मागं मागं हिंडून मेली बिचारी. मंग बांधला ताजमहाल. जिती असतानी दोन वर्सं एका जागी बसू देलं असतं तं?"

इतिहासाकडे या बाजूने मी कधी पाहिलं नव्हतं. विषय बदलावा म्हणून मी लगेच तिकिटं काढा म्हणालो.

जायचं होतं ते स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बेट. त्याचं नाव मल. नावावर विनोद करायचा नाही असं सूनबाईने आधीच बजावलंय, म्हणून करत नाही. ग्लासगोहून ओबन हे बंदर दीडशेक किलोमीटर. तिथून बोट. ती माणसांसकट आख्खी मोटरहोम पोटात घेते आणि पाऊण-एक तासात क्रेगन्युअरच्या धक्क्यावर ओकते. चढण्याआधी गाडीतला गॅस बंद करावा लागतो. तो मुलाने केला, मग मी केला, मग सुनेने केला, हे बायकोने तिन्ही वेळा पाहिलं आणि शेवटी स्वतः जाऊन सिलिंडरचा कान पिळून आली.

बोट बेटाजवळ येते तेव्हा डावीकडे कड्यावर डुआर्टचा किल्ला दिसतो. मॅक्लीन घराण्याचा. मुलाने कॅमेरा काढला. मी असीरगडाच्या सावलीत वाढलेला, त्यामुळे मला तो वाडाच वाटला. पण एक हिशेब राहिला होता. आमचा असीरगड इंग्रजांनी १८१९ साली घेतला, तेव्हा वेढा घालणाऱ्यांत सर जॉन माल्कम होता, आणि माल्कम पक्का स्कॉटिश. दोनशे वर्षांनी का होईना, डोईफोडियाचं कुटुंब साडेतीन टनांची गाडी घेऊन स्कॉटलंडच्या बेटावर उतरत होतं. बरोबर ज्वारीचं पीठ, भगर, शेंगदाण्याची चटणी आणि बुऱ्हाणपूरचा दोन किलो दराबा. रसद कमी नव्हती.

आता त्या घराबद्दल. मी पंचायतीत होतो तेव्हा ‘घर तिथे शौचालय’ या विषयावर भाषणं ठोकली आहेत. सरकार बारा हजार रुपये देतं, तरी लोक बांधत नाहीत म्हणून ओरडलोय. पण घर तिथे शौचालय म्हणजे इतकं तिथे असेल, हे मनात नव्हतं. शेगडीपासून संडासाचं दार वीतभर. बायको वरण उकळायला ठेवताना आत कुणी गेलं आहे का, हे आधी मोठ्याने विचारायची. मग आम्ही सगळे बाहेर उभे, पावसात.

त्या संडासाखाली एक डबा असतो. भरला की तो कडेच्या झडपेतून ओढून काढायचा, तळावर नेमून दिलेल्या जागी नेऊन रिकामा करायचा, विसळायचा, निळं औषध घालून परत बसवायचा. कामांची वाटणी झाली तेव्हा मुलगा म्हणाला, हे मी करतो. आईने साफ सांगितलं, लेकराने हे करायचं नाही. सून म्हणाली, मी करते. तर सुनेने तर मुळीच नाही. नातू सहा वर्षांचा. राहिलो मी. लहानपणी पहाटे डबा घेऊन शेतात जात होतो. तो डबा सुटावा म्हणून शिकलो, पंचायतीत गेलो, घरात टाइल्सचा संडास बांधला. आणि आता उतारवयात, पौंड मोजून, चाकं लावलेला डबा ओढत मी स्कॉटलंडच्या एका कुरणातून चाललो होतो. समोरून एक गोरे आजोबा तसाच डबा ओढत आले. आम्ही एकमेकांना मान लववली. इतक्या समान पातळीवर मी कुठल्याही इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला कधी भेटलो नव्हतो.

पाणीही तसंच. टाकी भरून घ्यायची, संपत आली की सगळ्यांनी सगळ्यांवर लक्ष ठेवायचं. बॅटरी उतरू नये म्हणून दिवे मोजून लावायचे. गॅसच्या दोन शेगड्या, त्यातली मागची मंद. सूनबाई म्हणाली, "किती ॲडव्हेंचर ना, आई?" बायको म्हणाली, "लगीन होऊन आली तवा याहून मोठी चूल होती." आणि तिने त्या दोन शेगड्यांवर पाच माणसांच्या भाकरी थापल्या. आम्ही बाकीचे काचेतून निसर्ग बघत होतो.

निसर्ग मात्र ओळखीचा निघाला. मल बेट जवळपास सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, काळा दगड. आपलं दख्खनचं पठार साडेसहा कोटींचं, तेही बसाल्टच. बेन मोर हा तिथला सर्वांत उंच डोंगर ९६६ मीटर. मी उतरून दगडावर दगड आपटला. आवाज तोच. सातपुड्यावर गवत उगवायला पाऊस लागतो, आणि इथे पाऊस थांबायला काय लागतं ते कुणालाच ठाऊक नाही, एवढाच फरक.

मलचा खरा मानबिंदू डोंगर नव्हे, रस्ता. बहुतेक रस्ते एका गाडीपुरते. थोड्या थोड्या अंतरावर कडेला रस्ता जरा रुंद केलेला असतो. तिथे पाटी: पासिंग प्लेस. समोरून गाडी दिसली की ती जागा डावीकडे असेल तर आत शिरून थांबायचं. उजवीकडे असेल तर पलीकडे घुसायचं नाही, तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरचा वळसा घेऊन जातो. मागे कुणी खोळंबला तरी त्यालाही वाट द्यायची. आणि तिथे गाडी लावून फोटो काढत बसायचं नाही.

मी पहिल्या दिवशी हे बघून अस्वस्थ झालो. आमच्याकडे धारणीच्या बाजूला घाटात दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की मागे कोण घेणार, हा प्रश्न दोन्ही घराण्यांच्या तीन पिढ्या निघाल्याशिवाय सुटत नाही. मागे घेणं म्हणजे नाक कापणं. इथे मात्र समोरचा दूरवर दिसताच दोघेही थांबायचे. तू ये, नाही तू ये, आणि दोघेही उभे. शेवटी जो जाईल तो हात वर करणार, थांबलेलाही करणार. बायकोने खिडकीतून प्रत्येकाला रामराम घालायला सुरुवात केली. संध्याकाळी म्हणाली, "बुऱ्हाणपूरच्या बाजारात इतके लोक ओळख देत नाईत."

एकदा मात्र सात मीटरची आमची गाडी आणि मेंढ्यांनी भरलेला ट्रेलर समोरासमोर आले. ट्रेलर मागे घेणं कठीण, म्हणजे आम्हालाच घ्यायचं होतं. मुलाला घाम फुटला. त्याच्या गाडीला मागे कॅमेरा होता, पण कॅमेऱ्यावर काय जायचं? मी माकडटोपी घालून खाली उतरलो, गाडीच्या पाठीशी उभा राहिलो आणि पत्र्यावर थाप मारली. "येऊ दे… येऊ दे… डावं काट… येऊ दे… बस!" एसटीच्या घंटीचाच नियम ठेवला होता: एक थाप थांब, दोन चल. मेंढ्यांवाला शेतकरी स्टिअरिंगवर हात ठेवून हे सगळं अत्यंत आदराने पाहत होता. जाताना त्याने काच खाली करून स्कॉटिश उच्चारांत काहीतरी सांगितलं. आम्हाला कुणालाच कळलं नाही, पण सूर कौतुकाचा होता. मेंढ्यासुद्धा वळून बघत गेल्या.

टोबरमोरी हे तिथलं मोठं गाव, म्हणजे आपलं छोटं. अख्ख्या बेटाची वस्ती तीन हजारांच्या घरात. बंदरावर लाल, पिवळी, निळी घरं ओळीने. त्या खाडीत १५८८ साली स्पॅनिश आरमाराचं एक जहाज बुडालं. त्यात सोनं आहे अशा बोलवेवर कित्येक पिढ्या पाणबुडे बुड्या मारत आले. मला २०२५ चा मार्च आठवला. ‘छावा’ सिनेमा नुकताच आलेला, आणि असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री बॅटऱ्या घेऊन मोगलांच्या मोहरा उकरायला लागले. खड्डे खूप झाले. खाडीला निदान खड्डे दिसत नाहीत.

तिथल्या दुकानात केळी होती. आयुष्य केळीत गेलेल्या माणसाला फळांच्या कप्प्यापासून कसं ओढणार? पाच-पाचच्या फण्या, पिशवीत, स्टिकर कोलंबियाचं. जात कॅव्हेंडिश, म्हणजे आमच्या ग्रँड नैनच्याच घराण्यातली. मी वाक पाहिला, कडा पाहिल्या, दाबून पाहिलं. आमच्या मंडईत या मालावर व्यापाऱ्याने कटती लावली असती. हे मी मराठीत, हिंदीत आणि थोडं इंग्रजीत दुकानातल्या मुलीला सांगितलं. तिने मॅनेजरला बोलावलं. सुनेने केळी विकत घेऊन प्रकरण मिटवलं.

मधे संकष्टी आली. जूनमध्ये मलला सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. बायको सात वाजता दिवा लावायची आणि बाहेर लख्ख ऊन. संकष्टीचं तर त्याहून अवघड. मुलाने मोबाइलवर पाहिलं: चंद्रोदय मध्यरात्र उलटल्यावर, तोही ढग नसतील तर. आणि मलवर ढग नसतील तर, हे वाक्यच चुकीचं. भगर खाऊन ती बसून राहिली. मुलगा म्हणाला, "आई, चंद्र आपल्या गावचा बघायचा की इथला?"

यावर तिने शास्त्र काढलं नाही. डोईफोडियाला जावेला फोन लावला. तिकडे रात्रीचे सव्वादहा, इकडे पावणेसहा. "निंगाला काय वो चंद्र?" जाऊ गच्चीवर गेली. आम्ही पाच जण मलच्या उन्हात फोनभोवती उभे. "निंगाला, निंगाला! चिंचेच्या वर आला." बायकोने पूर्वेकडे अंदाजाने हात जोडले. तिकडे एक मेंढी होती.

मग आत येऊन आरती. कापूर पेटवला आणि गाडीचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. मुलगा टॉवेल घेऊन धावला. बायको अर्ध्या ओळीवर थांबली नाही. नंतर म्हणाली, घंटा आणायची राहिली होती, गाडीनं सोय केली. शेजारच्या मोटरहोममधले लोक चौकशीला आले, त्यांना दराबा मिळाला. ते दुसऱ्या दिवशीही चौकशीला आले.

परतायच्या आधी आम्ही सॅलन गावाजवळ ग्रुलिनला गेलो. तिथे कुरणात भिंतीआड एक थडगं आहे. लॅक्लन मॅक्वारी, जन्म पलीकडच्या उल्व्हा बेटावर, १८१० ते १८२१ न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर. दगडावर ‘ऑस्ट्रेलियाचा जनक’ असं कोरलंय, आणि देखभालीमागेही ऑस्ट्रेलियातलीच एक संस्था आहे. मला त्याच्यात रस होता तो वेगळ्या कारणाने. हा गडी त्याआधी मुंबईच्या पलटणीत होता. १७९३ साली मुंबईत जेन जार्विसशी त्याचं लग्न झालं. हवापालटासाठी तिला चीनकडे नेलं आणि १७९६ साली मकाव इथे क्षयाने ती गेली. त्याने तिचं शव मुंबईला आणून तिथे पुरलं. पुढे मलवर जमीन घेतली, तिला नाव दिलं जार्विसफिल्ड. हे मी भर वाऱ्यात, छत्री सावरत, बायकोला सांगितलं.

"मंग इथं त्याच्याजवळ कोण हाय?"

"दुसरी बायको. आणि मुलगा."

तिने थडग्याला एक चक्कर मारली. परत गाडीत बसल्यावर, पट्टा लावता लावता म्हणाली, "म्हंजे हीबी नवऱ्याच्या मागं हिंडूनच गेली. शहाजहाननं ताजमहाल बांधला, यानं वावराले नाव देलं. तुमी काय करसान?"

गाडीत सगळे गप्प. नातूसुद्धा. मी झटकन सुचलं ते बोललो: नदीकडच्या नव्या केळीच्या बागेला तुझं नाव देतो, मोठी पाटी लावतो, रस्त्यावरून दिसेल अशी.

"पाटी नोका लावू. खसऱ्यात लावा. अन मी जिती असतानी."

मुलगा इतका हसला की पासिंग प्लेस मागे राहिली आणि समोर टपालाची लाल गाडी येऊन उभी ठाकली. मी माकडटोपी चढवून खाली उतरलो. त्या क्षणी गाडीच्या बाहेर असणं मला सोयीचंच होतं.

गावी आल्यापासून तिने दोनदा आठवण केली. पटवारी सध्या दौऱ्यावर आहे, असं मी सांगत आलो. काल शेतातून परतलो तर पटवारी आमच्याच ओट्यावर बसलेला. एका हातात चहा, दुसऱ्यात दराबा, समोर नामांतरणाचा अर्ज. तिनेच बोलावलं होतं. मला बघून म्हणाला, "या दादा, बसा. तुमच्या सहीसाठीच थांबलोय."