दोन किलोंनी हुकलेला केसरी

महाराष्ट्र केसरीचा किताब माझा दोन किलोंनी हुकला. लोक वयाचं काढतात, गुडघ्यांचं काढतात, जिना चढल्यावर लागणाऱ्या धापेचं काढतात. पण ती झाली मतं. नियम एवढंच सांगतो की केसरी गटात उतरायचं तर वजन 86 ते 125 किलो हवं. स्पर्धेची बातमी आली तेव्हा मी 88 होतो, म्हणजे पात्र. मग मी तयारी सुरू केली आणि ऐन स्पर्धेच्या आठवड्यात काटा 84 वर आला. तयारी केली म्हणून बाद झालेला दुसरा मल्ल सापडला तर मला जरूर दाखवा. आम्ही संघटना काढू.

सकाळच्या लोकलमध्ये समोरच्याच्या पेपरात मथळा दिसला: महाराष्ट्र केसरी कर्जतला. आम्ही भिसेगावकर, कर्जत स्टेशनावरची घोषणा आम्हाला अंथरुणात ऐकू येते. एवढी मोठी स्पर्धा दाराशी येणार आणि आपण बदलापूरपर्यंत पत्ते कुटत बसणार? मी मोठ्याने म्हणालो, "लहानपणी जत्रेत कुस्ती मारलीय मी." कुस्ती रेवड्यांची होती आणि समोरचा पोरगा लंगोट सुटला म्हणून रडत पळाला होता, हे सांगायचं राहून गेलं, तेवढ्यात वांगणी आलं. ग्रुपमधल्या एकाने माझ्या पोटाकडे बघून निकाल दिला, "मग उतरा की. शहाऐंशीच्या वर लागतं, तुमचं बसतंय." आयुष्यात पहिल्यांदाच माझं पोट कुठल्यातरी नियमात बसत होतं.

"अहो, ते नगरचं कर्जत," बायको रात्री म्हणाली. "गोदड महाराजांचं. आपलं नाही."

ती म्हणाली ते खरं होतं. पण तोवर लंगोट आणलेला होता, आणि लंगोट दुकानदार परत घेत नाही. शिवाय 2025 साली महाराष्ट्र केसरीसुद्धा दोन झाले: एक फेब्रुवारीत अहिल्यानगरला, तिथे पृथ्वीराज मोहोळ जिंकला; दुसरा मार्चअखेर त्या कर्जतला, तिथे वेताळ शेळके. पहिल्या स्पर्धेत तर पंचांशी वाद झाला आणि दोन नामांकित मल्लांवर तीन तीन वर्षांची बंदी आली. दोन कर्जत, दोन केसरी, दोन बंद्या. एवढ्या गर्दीत तिसरा मी कुठेतरी खपून जाईन, असा माझा हिशेब होता.

तालमीत गेलो. वस्तादांनी मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "मुलगा कुठाय?"

"मीच."

त्यांनी काही न बोलता हातात कुदळ दिली. पहिले पंधरा दिवस मी फक्त हौदा उकरला. लाल मातीत तेल, हळद, लिंबू आणि ताक कालवलेलं असतं. वाकून उकरताना लोणच्याच्या बरणीत उतरल्यासारखं वाटतं. पुढच्या पंधरा दिवसांत जोर आणि बैठका. ढाक, कलाजंग, घिस्सा ही नावं मी नुसती ऐकली. माझ्यावर एकच डाव झाला, तोही दम लागून बसलो असताना, आणि त्याला नाव नव्हतं.

आता हे 88 किलो आले कुठून, ते सांगायलाच हवं. ते आले बँकर इंजिनामुळे. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, कारण पुढे बोरघाट. 1863 साली हा मार्ग सुरू झाला, आणि चढ असा की 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुढच्या इंजिनाला एकट्याने झेपत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटीला आणखी इंजिनं लावतात, तेच बँकर. ती लागेपर्यंत गाडी उभी. उभ्या गाडीत माणसाला भूक लागते. त्या भुकेतून कर्जतचा बटाटेवडा मोठा झाला आणि वड्यातून मी. घाट चढायचा नसताना, नुसतं घरी जायचं असताना, मी पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी फलाटावर वडा खाल्ला. म्हणजे माझ्या पोटाला थेट ब्रिटिश अभियंते जबाबदार आहेत.

पण बँकरबद्दल मला खरोखर माया आहे. तो मागे लागतो. खिडकीतून दिसत नाही. गाडीवर नाव त्याचं नसतं. लोणावळ्यापर्यंत जीव खाऊन ढकलतो, तिथे सोडवला जातो आणि गाडी मागे न बघता पुण्याला निघून जाते. पैलवान खाशाबा जाधवांच्या 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या गाडीला असाच एक बँकर होता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं. घर गहाण टाकणाऱ्याला पदक नसतं, हप्ते असतात. हे आठवलं की मी आणखी एक वडा घेत असे.

तर, वडे बंद झाले आणि वजन घसरलं. वस्तादांनी काटा वाचला आणि म्हणाले, "दादा, तुम्ही बाद." तालमीतली पोरं पोट धरून हसली. हसला नाही तो एकच, कारण त्याच्या तोंडात बोलण्यापुरतीही थुंकी नव्हती.

हा ठाकूरवाडीवरचा पोरगा. 17 वर्षांखालच्या निवडीत 51 किलोत उतरायचा होता आणि दोन किलो जास्त भरत होता. भर उन्हात अंगात जॅकेट घालून उल्हास नदीच्या कडेने पळायचा, पाण्याने नुसती चूळ भरायचा आणि चूळही मोजून थुंकायचा. मी दोन किलो हवेत म्हणून रडत होतो आणि तो दोन किलो नकोत म्हणून. 7 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट 100 ग्रॅमसाठी बाद झाली, तेव्हा मी डब्यात नियमांवर व्याख्यान दिलं होतं. तिने वजनासाठी केसही कापले होते, हे मला ठाऊक होतं. वाण्याच्या काट्यावर मी एकदा वडापाव ठेवून पाहिला. 140 भरला. त्या पोराकडे बघून ते व्याख्यान परत घ्यावंसं वाटलं.

निवडीच्या दिवशी त्याचं वजन बरोब्बर बसलं. बसले नाहीत ते कागद. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून, आधारवर 1 जानेवारी, आणि सालही वेगळं. माझ्या पिढीला यात नवल नाही. माझीही तारीख 1 जूनच आहे. आमच्या हेडमास्तरांनी एका सकाळी अख्खा वर्ग जन्माला घातला. पण मला त्यापायी कधी कुणी परत पाठवलं नाही. टेबलामागच्या माणसाने त्याचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, मान हलवली आणि पुढच्याला हाक मारली. पोरगा बाहेर येऊन नळाखाली बसला आणि पीत राहिला. मी मोजत होतो. अकरा ओंजळी. जे दोन किलो त्याने महिनाभर रक्तातून पिळून काढले, त्यांतलं बरंचसं त्याने त्या नळावर भरून घेतलं. ताकद मोजायला आपण ग्रॅमपर्यंत पोचलो, आणि हे पोर जन्मलं कधी, तेवढं मात्र कुणी नीट लिहून घेतलं नाही.

"काका, तुम्ही पण बाद ना?" त्याने तोंड पुसत विचारलं.

"हो. दोन किलोंनी."

तेव्हा कुठे तो हसला.

मग मी रजा टाकून त्याच्याबरोबर फिरायला लागलो. शाळा, तलाठी, आधारचं केंद्र, पुन्हा शाळा. प्रत्येक रांगेत तो पुढे, मी मागे. एका खिडकीवरच्या बाईंनी मान वाकडी करून विचारलं, "तुमचं काय काम?" मी म्हटलं, "माझं काही नाही, मी मागून लागलोय." बाई रेल्वेवाल्यांच्या घरातल्या नसाव्यात. त्यांनी मला बाजूला उभं केलं.

पाच फेऱ्या झाल्या. तारीख अजून दुरुस्त व्हायची आहे. सहावी फेरी सोमवारी. प्रत्येक फेरीनंतर आम्ही फलाटावर वडा खातो. त्याला दोन, कारण तो आता वाढत्या अंगाचा आहे, आणि मला दोन, कारण त्याला एकट्याला खाताना लाज वाटते. काल वस्तादांच्या काट्यावर उभा राहिलो. 86 किलो, 200 ग्रॅम.

मी पुन्हा पात्र आहे. पुढचा केसरी कुठल्या कर्जतला, तेवढं कुणीतरी कळवा.