घरच्या घरी फूटस्टेप : भावी नेत्यांसाठी मार्गदर्शिका

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात एसयूव्हीला फूटस्टेप बसवणे हे निव्वळ यांत्रिक काम नाही. त्याला सामाजिक अधिष्ठान लागते आणि ते पुरवतात भाऊ. भाऊ गावोगाव एक तरी असतातच. फ्लेक्सवर त्यांच्या फोटोखाली 'भावी' एवढे कायम असते, पुढचे पद दर निवडणुकीला बदलते. गाडी पांढरी, काचा जमतील तेवढ्या काळ्या. उत्तरेला नाशिकच्या कारखान्यात बोलेरो तयार होते, दक्षिणेला चाकणला स्कॉर्पिओ-एन, आणि मधल्या महामार्गावर आळेफाटा, नारायणगाव, मंचर. पाऊस चुकला तरी या टापूत गाड्या दोन्ही बाजूंनी येत राहतात.

सदर मार्गदर्शिका भाऊंसाठी आहे. प्रत्यक्ष काम त्यांचा पुतण्या करील, हे गृहीत धरले आहे.

नियम पहिला : कारण आधी ठरवावे

फूटस्टेप स्वतःसाठी हवेत असे भाऊंनी कधीही म्हणू नये. "आईला चढायला त्रास होतो," असे म्हणावे. हे कारण घरात, पारावर आणि सोसायटीच्या सचिवासमोर सारखेच चालते. अडचण एवढीच, की याच आजी संकष्टीला लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गणपतीचे दर्शन घेतात, खाली येतात आणि पायथ्याशी रसाच्या गाड्यावर बसलेल्या भाऊंना विचारतात, "तू का रं नाही आला वर?" तेव्हा चर्चेत लेण्याद्रीचा उल्लेख टाळावा. शिवनेरीचाही टाळावा.

गंमत बाजूला ठेवली तर कारण खोटे नाही. घरच्या जिन्याची पायरी पंधरा-अठरा सेंटिमीटरची असते आणि एसयूव्हीचा तळ जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास. गुडघ्याला एका दमात तीन पायऱ्या चढायला लावण्यासारखेच ते. मात्र नऊवारीचा काष्टा असलेल्या आजी पाय टाकून सहज चढतात. खरी पंचाईत सहावारी नेसलेल्या सूनबाईंची होते. त्यांच्या नावाने फूटस्टेप घेतल्याचे अद्याप कोणत्याही भाऊंनी जाहीर केलेले नाही.

नियम दुसरा : मुहूर्त

खरेदी टोमॅटोच्या भावावर करावी. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला होता. सप्टेंबरपर्यंत तोच भाव पार कोसळला. फूटस्टेप जुलैत घ्यावेत. सप्टेंबरात घ्यायचे झाल्यास पावती घरी नेऊ नये.

नियम तिसरा : गाडीची जात ओळखावी

येथे थोडा इतिहास आवश्यक आहे, कारण भाऊंना भाषणात तो उपयोगी पडेल. जुन्या मोटारींना लांबच लांब पायरी असे. बग्गीकडून आलेला तो वारसा होता. १९३६ च्या सुमारास अमेरिकेत कॉर्ड ८१० नावाची मोटार पायरीशिवाय आली. पुढे मोटारी बुटक्या होत गेल्या आणि पायरी अंगात विरून गेली. गाड्या पुन्हा उंच झाल्या तशी तीही परत आली, फक्त आता तिचे पैसे वेगळे पडतात.

आता कामाचे. बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर या चासीवर बांधलेल्या गाड्या. त्यांच्या खाली भक्कम लोखंडी सांगाडा असतो, तो भार घेतो. क्रेटा, ब्रेझा यांना वेगळी चासी नसते. बॉडीच सगळे सांभाळते. अशा गाडीला दाराखालच्या पट्टीत ड्रिल मारून ब्रॅकेट ठोकणारा कारागीर कितीही ओळखीचा असो, त्याला चहा पाजून परत पाठवावे. बाजूने धडक बसली तर जोर त्याच पट्टीवर येतो आणि ड्रिलच्या भोकातून गंज आत शिरतो. गाडीच्या मॉडेलचाच किट घ्यावा. तो कंपनीने आधीच पाडून ठेवलेल्या भोकांवर बसतो. बसत नसेल तर किट चुकलाय, गाडी नाही.

गोल पायपाचे फूटस्टेप फोटोत झकास दिसतात. पावसाळ्यात उसाच्या रानातून आलेली चिखलाची चप्पल त्यावर टेकली की पाय थेट आत जातो आणि नडगी सोलून निघते. रबराची खाचेदार पट्टी असलेले, निदान वीतभर रुंद असे चपटे फूटस्टेप घ्यावेत. भाऊंना पायपाचेच हवे असतील तर आजींसमोर निर्णय घ्यावा.

नियम चौथा : जागा व सल्लागार मंडळ

अंगण सपाट हवे. गाडी हँडब्रेकवर आणि गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड. गाडी जॅकवर उचलून कोणी खाली शिरणार असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. भक्कम स्टँड लावावा. दगड-विटांची चळत म्हणजे स्टँड नव्हे, हे अंगणातल्या किमान दोघांना समजावून सांगावे लागेल.

गाडीखाली एक जण जाताच अंगणात सहा जण जमतात. एक माजी ड्रायव्हर, एक जण ज्याच्या मेहुण्याचे चाकणला वर्कशॉप आहे, एक निवृत्त गुरुजी आणि तिघे जाता जाता थांबलेले. या मंडळाचे ठराव बहुमताने होतात आणि ते नेहमी "अजून आवळ" असेच असतात.

नियम पाचवा : प्रत्यक्ष जोडणी

हा भाग भाऊंनी वगळला तरी चालेल. पुतण्याने दोनदा वाचावा.

डबा उघडून ब्रॅकेट जमिनीवर मांडावेत. पुढचा, मधला, मागचा आणि डावा-उजवा वेगळा असतो. खूण नसेल तर खडूने करावी. मग गाडीखाली पाहावे. कंपनीची भोके बहुतेकदा रबरी बुचांनी झाकलेली असतात. बूच काढून आटे ब्रशने साफ करावेत, गंज असेल तर थोडे तेल सोडून दम धरावा. ब्रेकचा पाइप, डिझेलची लाइन, वायरिंग कुठून जाते ते आधीच बघून ठेवावे. दाराखालच्या पट्टीला पाणी निथळायची छोटी भोके असतात, ती ब्रॅकेटखाली बुजू देऊ नयेत. पंक्चर झाल्यावर जॅक जिथे लागतो, ती जागाही झाकली जाता कामा नये.

बोल्ट बहुधा एम-८ चा असतो, त्याला १३ चा पाना लागतो. घरात बारा-तेराचा पाना असतोच. कुठे असतो, हा वेगळा प्रश्न आहे. सुरुवातीला सगळे बोल्ट हाताने, बोटांच्या जोरावर फिरवावेत. पहिल्याच चार आट्यांत बोल्ट अडला तर तो वाकडा लागलाय. काढून पुन्हा लावावा, पान्याने दामटू नये. सगळे ब्रॅकेट ढिले लागले की दोघांनी मिळून फूटस्टेप वर धरावा, रेषेत आणावा आणि मगच आवळत जावे. एक बाजू आधी पक्की केली की दुसऱ्या बाजूचे भोक अर्धा सेंटिमीटर हुकते. मग ज्याच्या मेहुण्याचे वर्कशॉप आहे तो "ग्राइंडर आणू का?" असे विचारतो. नाही आणायचा.

आवळायचे किती? किटबरोबरच्या कागदावर आकडा असेल तर तो पाळावा. एरवी एम-८ च्या बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे वीतभर लांब पान्यावर दहा-बारा किलोचा जोर, अर्ध्या क्रेट टोमॅटोचा. त्यापुढे बोल्ट आवळला जात नाही, ताणला जातो. पान्याला पाइप घालून लटकणारे सल्लागार आट्यांचा जीव घेतात आणि तुटका बोल्ट काढायच्या वेळी त्यांना शेताला पाणी द्यायचे असते.

नियम सहावा : वेळ

सूर्यास्ताआधी काम संपवावे. जुन्नर वनविभागात हे सांगताना विनोद करायचा नसतो. ऊस दारापर्यंत आलेला असतो, आणि वाकलेल्या किंवा खाली बसलेल्या माणसाला बिबट्या लहान जनावर समजू शकतो.

नियम सातवा : उद्घाटन

पहिला पाय आजींचा. भाऊ दार उघडतात, पुतण्या हात पुढे करतो, मोबाइल तयार असतात. आजी फूटस्टेपकडे बघतात, वरचा दांडा पकडतात आणि फूटस्टेपला ओलांडून सरळ आत पाय टाकतात. "मधी काय ठेवलंय रं हे? अडकंल की कुणी!" व्हिडिओ पुन्हा घ्यावा.

नियम आठवा : सार्वजनिक वापर

आता खऱ्या हेतूकडे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यांवर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून यात्रांच्या घाटांवर गर्दी परत आली. गर्दीत दिसायचे तर उंची हवी. घाटाच्या कडेला उभ्या गाडीच्या फूटस्टेपवर एक पाय, दारावर एक हात, डोळ्यांवर गॉगल. या स्थितीत भाऊ गर्दीच्या वर दीडेक फूट दिसतात. डब्यावर भाराची मर्यादा लिहिलेली असते. भाऊ, दोन कार्यकर्ते आणि एक पुष्पगुच्छ यांची बेरीज तीवर तपासून घ्यावी.

मात्र गाडी हलली की उतरावे किंवा आत बसावे. मोटार वाहन कायदा, १९८८, याचे कलम १२३ नेमके याच पायरीबद्दल आहे : चालत्या गाडीच्या पायरीवर, टपावर किंवा बॉनेटवर कोणी प्रवास करायचा नाही आणि चालकाने करू द्यायचा नाही. म्हणजे विजयी मिरवणुकीत सापडतो तो एकटा भाऊ नाही, स्टीअरिंगवरचा पुतण्याही सापडतो. पुढच्या लोखंडी बुलगार्डचेही तेच. त्यांवर कारवाई करा, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. भाऊंचे बुलगार्ड तेव्हापासून 'उद्या काढतो' या अवस्थेत आहे.

नियम नववा : निगा

गुलाल रबराच्या खाचांत बसतो. आधी कोरड्या ब्रशने झाडावा, मग पाणी मारावे. उलट केले तर पुढच्या निवडणुकीपर्यंत पट्टी गुलाबी राहते. माळशेज किंवा भीमाशंकरच्या पावसातून आल्यावर ब्रॅकेटवरचा चिखल धुऊन काढावा, नाहीतर ओल धरून गंज तिथूनच सुरू होतो. पाचशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट एकदा पान्याने तपासावेत, कारण खडबडीत रस्त्यावर नवे बोल्ट थोडे ढिले पडतात. मंचर-घोडेगाव-भीमाशंकरच्या चार-पाच फेऱ्यांत हे अंतर सहज भरते. तारीख पुतण्याने स्वतःच्या मोबाइलमध्ये लावावी. भाऊंच्या मोबाइलमध्ये त्या दिवशी तीन वाढदिवस आणि एक दशक्रिया असते.