डांबरीवरून पांदणीत

यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही गावचा रस्ता विचारा, उत्तर दोन भागांत मिळतं. ‘डांबरीनं सरळ जा जी, नाल्याच्या पुलापासून पांदण लागते, थे धरा.’ यातला पहिला भाग सार्वजनिक बांधकाम खात्याचा आणि दुसरा बैलांचा. नागपूर-तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेड करत जिल्हाभर गुळगुळीत पळतो. पण आपल्याला ज्याच्याकडे जायचं असतं तो महामार्गावर राहत नाही. त्याचं वावर आत असतं, आणि आत म्हणजे पांदण.

तेव्हा इथं सायकल घ्यायची तर दोन्हीकडे चालणारी घ्यावी, हे ओघानंच आलं. पन्नाशी उलटली की डॉक्टर चालायला सांगतात. चालताना ओळखीची माणसं थांबवून ‘शुगर किती निघाली?’ म्हणून विचारतात. सायकलीवरच्या माणसाला कुणी थांबवत नाही, एवढाच माझा सायकलीमागचा विचार होता.

दुकानात गेल्यावर कळतं की नुसती सायकल आता मिळत नाही. रोड मिळते, एमटीबी मिळते, हायब्रिड मिळते, ग्रॅव्हल मिळते. पुण्याच्या भाच्याला फोन केला, तर त्यानं विचारलं, “मामा, तुमचा टेरेन कोणता?” मी म्हणालो, “पऱ्हाटीचा.” तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग त्यानं अकरा व्हिडिओ पाठवले. त्यातल्या एकातही बैलगाडी नव्हती. आतून सौ. म्हणाली, “आधी जाणार कुठं ते ठरवा, मग सायकल ठरवा.” दुकानदार, भाचा आणि व्हिडिओ यांच्यापैकी कुणीच हा मुद्दा काढला नव्हता.

ठरवायला बसलो. एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, जन्मली १९७० च्या दशकात, अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात. तिथली हौशी पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर न्यायची आणि कच्च्या वाटेनं सुसाट खाली सोडायची. म्हणजे ही सायकल मुळात उतरण्यासाठी झालेली. आमचं यवतमाळ बसलंय पठारावर. बहुतेक बाजूंनी बाहेर पडताना उतार लागतो, छान वारा लागतो, आणि घरी मात्र चढून यावं लागतं. चढावर उभं राहून पायडल मारलं की पुढचे शॉकअप दर पायडलला आपल्यापुढं वाकतात. मान मिळतो, पण मेहनत निम्मी त्यांच्या पोटात जाते. स्वस्तातल्या शॉकअपचं वजन जास्त आणि काम कमी, हे मेकॅनिकही खाजगीत कबूल करतो.

उलट टोकाला रोड सायकल. टायर २५ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढा. डांबरीवर ती अशी पळते की आपल्यालाच आपला हेवा वाटावा. पण ती पांदणीत उतरवायची तर महिना बघून उतरवावी. मे महिन्यात काळी माती भेगाळते, आणि त्या भेगांत रोडचं चाक अलगद जाऊन बसतं. शिवाय पावसाळ्यात बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात दगडासारख्या वाळतात. एकदा चाक चाकोरीत गेलं की ते चाकोरी नेईल तिथंच जातं. तरुणांना चाकोरीबाहेर पडण्याचा उपदेश करणाऱ्या वक्त्यांना मे महिन्यात एकदा सायकल देऊन पांदणीत सोडायला हवं.

आता पावसाळ्याचं सांगतो. आमच्या काळ्या मातीत पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती भरपूर. एक सर पडून गेली की चाकाच्या पहिल्या दहा फेऱ्यांत टायर दुप्पट जाड होतं. पुढच्या दहा फेऱ्यांत माती चिमट्याला आणि मडगार्डला घासायला लागते. तिसऱ्या दहा फेऱ्या होतच नाहीत. चाक थांबतं आणि आपण खाली उतरून धुऱ्यावरची तुराटी मोडून मडगार्डमधला गारा उकरत बसतो. हाताशी तुराटी असणं हे अशा वेळी २१ गिअर असण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

हा त्रास काही आपल्यापुरता नाही, हे वाचून मला समाधान वाटलं. १८९७ मध्ये अमेरिकेच्या २५ व्या पायदळातले कृष्णवर्णीय सैनिक मोंटानातल्या मिझूलाहून सेंट लुइसपर्यंत सुमारे १,९०० मैल सायकलीनं गेले. घोड्याऐवजी सायकल चालते का, हे सैन्याला पाहायचं होतं. डोंगर त्यांनी ओलांडले, नद्या ओलांडल्या. पण तिथल्या चिकट मातीत चाकं अडकली की त्यांनाही उतरून ढकलावंच लागलं. तिथं तुराटी होती की नाही, कुणास ठाऊक.

चाकांच्या मापांत तर आणखी गंमत आहे. हायब्रिडचं ‘७०० सी’ आणि एमटीबीचं ‘२९ इंची’ ही दोन वेगळी चाकं म्हणून विकली जातात. रिम दोन्हींची ६२२ मिलिमीटरचीच. आणि दूधवाल्याची ती जुनी काळी, अठ्ठावीस इंची? तिची रिम ६३५ ची, म्हणजे एकोणतीस इंचीपेक्षा मोठी. तिचा टायर दीड इंची. कडेची धूळ पुसून वाचलं तर ‘४०-६३५’ असे आकडे निघतात, म्हणजे रुंदी ४० मिलिमीटर. ग्रॅव्हल नावाची जी नवी सायकल दुकानदार काचेआड ठेवतो, तिचा टायरही साधारण तेवढाच. दोन्हीकडे चालणारी म्हणून आज जी चाळीस-पन्नास हजारांना विकतात, तिच्या रुंदीचा टायर घेऊन आमचे दूधवाले दोन कॅन लटकवून आधीपासूनच पांदणीत होते. फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अशा काळ्या सायकली बनवणाऱ्या अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला. तो नेमका जागतिक सायकल दिन होता.

म्हणजे काळीच घ्यावी का? नाही. वीसेक किलोचं ते धूड एकाच गिअरवर चढवणं आता गुडघ्यांना परवडत नाही, आणि ओल्या रिमवर सळईचे ब्रेक नुसता आवाज करतात. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांच्या मते गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशीपुढच्यांसाठी होती. त्यांच्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ उजाडलं. शर्यतीतल्या पोरांवर हा अन्याय असेल. माझ्यापुरतं त्यांचं मत मला शंभर टक्के मान्य आहे.

टायरची रुंदी आणि गिअर ठरले, पण सायकल खरी ठरते ती पंक्चरच्या दुकानात. वावराला कुंपण म्हणून बाभळीच्या फांद्या लावतात आणि त्यांचे काटे पांदणीत उतरतात. पाऊस सरता सरता रस्त्याच्या कडेला सराटे पिकतात. आमचा पंक्चरवाला ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो, बुडबुडा दिसला की त्यावर बोट ठेवतो, कानस मारतो, सोल्युशन लावतो. मग टायरच्या आतून सावकाश बोटं फिरवतो, कारण काटा काढला नाही तर गिऱ्हाईक अर्ध्या तासात परत येतं. हे सगळं तो कुठल्याही सायकलीला करतो. पण महागड्या सायकलीचा तो बारीक, लांब, प्रेस्टा वॉल्व्ह पाहून त्यानं विचारलं, “सर, ह्याच्यात हवा कुठून भरू मी?” जुन्या वालट्यूबची त्याला सवय आहे, मोटारसायकलसारख्या वॉल्व्हची तर आहेच, आणि तसा वॉल्व्ह असला की पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. चाळीस किलोमीटरवर माहितीची एकच टपरी असली, की वॉल्व्हचा प्रश्न शॉकअपपेक्षा मोठा होतो.

दोन्हीकडे चालण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, या जिल्ह्यातला सगळ्यात पट्टीचा प्रवासी सायकलवाला नाही. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि वावरं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणातही डोकावत, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. १,३०० किलोमीटरपेक्षा जास्त चालला. टेरेन कोणता, असं त्याला कुणी विचारलं नाही.

त्याच्या खालोखाल माझ्या मते नंबर लागतो तो शाळेच्या पोरींचा. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. गिअर नाही, शॉकअप नाही. समोर टोपली, मागे कॅरियर. कॅरियरवर बहुतेक वेळा मैत्रीण असते. डांबरीवर या पोरी दोघी-दोघी गप्पा मारत जातात, पांदणीत एकामागे एक होतात, आणि पाऊस लागला की डांबरीच्या कडेला ओळखीच्या घरी सायकल लावून, चपला हातात घेऊन, पुढं पायी निघतात. एकीला मी विचारलं, “काऊन गं, सायकल नेत नाई आत?” ती म्हणाली, “गाऱ्यात कायले नेऊ काका? मंग तिलेच उचलून न्या लागते.”

तेव्हा घेणाऱ्यानं घ्यावी ती अशी: टायर ४० मिलिमीटरच्या आसपास, पुढचा चिमटा साधा, टायर आणि मडगार्ड यांच्यात बोट जाईल एवढी फट, घाटासाठी एक अगदी हलका गिअर, मोटारसायकलसारखा वॉल्व्ह आणि मागे भाजीची पिशवी पेलणारं कॅरियर. नाव हायब्रिड असो की ग्रॅव्हल, त्यानं फरक पडत नाही. उरलेल्या पैशात चार वर्षांची पंक्चरं निघतात. पण आषाढातल्या काळ्या मातीत चालणारी सायकल अजून कुणी काढलेली नाही. ती निघेपर्यंत डांबरीच्या कडेला ओळखीचं एक घर असू द्या.